प्रवासखर्चाचा रिकामा रकाना

टेलिफोनताईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नाव काही सुटलं नाही. आवाजच तसा होता. भांडायच्या तयारीनं फोन केलेला माणूस दोन मिनिटांत "बरं, थांबतो मी" म्हणून गप्प व्हायचा. घरी त्यांचे यजमान म्हणत, "हिच्याशी भांडायचं तर लेखी भांडावं लागतं."

म्हणूनच त्यांच्या सेवासंस्थेच्या शाखेतल्या सगळ्यांनी मिळून पैसे मागायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं.

शाखा म्हणजे तेवीस माणसं आणि एक भाड्याची खोली. काम साधं. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी आठवड्यातली एक दुपार जाऊन बसायचं, म्हणजे घरच्यांना तेवढं बाहेर पडता येतं. खोलीत हवेच्या गाद्या, चाकांच्या खुर्च्या आणि वॉकर ठेवलेले. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की पुसून परत आणावं. यंदा मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की यापुढे खोलीचं भाडं ज्या त्या शाखेनं आपापल्या सभासदांकडून उभं करावं.

ताई स्वतः कधी कुणापाशी बसायला गेल्या नव्हत्या. आजाऱ्याच्या खोलीतला तो औषधाचा वास त्यांना सोसत नसे. त्या वेळापत्रक लावत, हजेरीची वही ठेवत. त्या वहीत प्रवासखर्चाचा एक रकाना होता. बसचं तिकीट जोडलं की महिनाअखेरीला पैसे परत मिळत. हा नियमही ताईंचाच, आणि तो चोख चालतो याचा त्यांना अभिमान होता.

कुणाकडे किती मागावं हे त्यांनी या रकान्यावरूनच ठरवलं. जो दर महिन्याला तिकिटं चिकटवतो, त्याची ओढाताण असणार. त्याच्याकडे पाचशे मागायचे. ज्याचा रकाना रिकामा, त्याला बसच्या तिकिटाची फिकीर नाही. त्याच्याकडे पाच हजार. आपल्या हुशारीवर त्या इतक्या खूश झाल्या की यजमानांना वही उघडून दाखवली. "पोलिसात जायला हवं होतंस," यजमान म्हणाले.

रिकाम्या रकान्यांची पाचच माणसं निघाली. एक डॉक्टर, एक दुकानदार, दोघे पेन्शनर आणि रफूबाई. रफूबाई एका लाँड्रीत रफूचं काम करायच्या. चाळीस-पंचेचाळीसच्या, कमी बोलणाऱ्या. चार वर्षांत एक गुरुवार चुकला नव्हता आणि एक तिकीट जोडलं नव्हतं. ताईंना जरा नवल वाटलं. पण नवरा परदेशात असेल, भाऊ पाठवत असेल, आपल्याला काय माहीत, असं म्हणून त्यांनी फोन लावला.

"रफूबाई, तुमच्या नावापुढे मी पाच हजार लिहूनच ठेवलेत. नाही म्हणायची सोय नाही हं."



"पाच हजार?"

"आपल्या शाखेचा सगळा भार तुमच्यासारख्यांवरच तर आहे."

"माझ्यासारख्यांवर," रफूबाई हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "देते. आठ दिवस द्या मला."

आठव्या दिवशी पाकीट आलं. ताईंनी भिंतीवर यादी लावली. डॉक्टर, दुकानदार आणि तिसरं नाव रफूबाईंचं.

त्यानंतरच्या गुरुवारी रफूबाई आल्या नाहीत. निरोप आला की काही महिने जमणार नाही, माफ करा. त्यांचा गुरुवार असायचा तो लेथवाल्या आजोबांकडे. जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेले, आता उजवं अंग गेलेलं. त्यांची सून फोनवर म्हणाली, "ताई, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मला या एका दुपारीच बाजार, बँक, सगळं करता येतं." वेळापत्रकात कुणीच मोकळं नव्हतं. नाक मुठीत धरून ताई स्वतः निघाल्या.

दोन बस बदलून, वर जिना चढून त्या पोचल्या. खोली स्वच्छ होती, खिडकी उघडी होती. वासाची त्यांनी जी धास्ती घेतली होती, तसलं काहीच नव्हतं. आजोबांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं.

"खुर्ची दोन सूत डावीकडे घ्या. उजेड अडतोय."

ताईंनी ती पाव इंच सरकवली. त्यांच्या आवाजाचा आजोबांवर काही परिणाम होईना.

"ती कुठेय?"

"त्यांना काम आहे. मी आले ना."

"काम आहेच. गुरुवारची अर्धी सुट्टी होती तिला, ती विकली मालकाला. पगार आगाऊ घेतलाय. सात महिने फेडणार." आजोबांचं बोलणं जड होतं, एकेक शब्द घासून बाहेर यावा तसं. "शेवटी आली होती तेव्हा सांगून गेली. म्हणाली, एका ठिकाणी द्यायचे आहेत, नाही म्हणवलं नाही."

ते ठिकाण म्हणजे आपली शाखा, हे ताईंना कळलं. तरी त्यांनी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना. "पण त्यांचं बरं चाललंय ना? बसचे पैसेसुद्धा कधी मागत नाहीत शाखेकडे."

"बस?" आजोबांच्या ओठांची डावी कड हसली. "ती चालत येते. सव्वा तास यायला, सव्वा तास जायला. मी म्हटलं होतं, तुमची शाखा देते म्हणतात तिकिटाचे. तर म्हणाली, देतात, पण महिन्याच्या शेवटी. आधी माझ्याजवळ असायला हवेत ना. आणि न काढलेलं तिकीट जोडू कसं?"

ताई दोन तास बसल्या. पेपर वाचून दाखवला, पाणी पाजलं, उशी सरळ केली. पाच हजार आपण मागितले, हे मात्र तोंडातून निघालं नाही. जिना उतरताना त्यांना वाटलं, परत वर जाऊन सांगावं. पण पाय खालीच चालत राहिले.

घरी यजमानांना सांगितलं तेव्हा त्यांनी विनोद केला नाही. नेहमीसारखा केला असता तर बरं वाटलं असतं. "परत दे," ते म्हणाले. "आपल्या पैशांतून दे आणि माफी माग."

दुसऱ्या दिवशी ताई पर्समध्ये पाच हजार घेऊन लाँड्रीत गेल्या. मागच्या बाजूला इस्त्रीच्या वाफेत, एका दिव्याखाली रफूबाई कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोटाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसून त्या तो कोपराच्या भोकावर विणत होत्या. भोक कुठे होतं ते आता शोधावं लागत होतं.

ताईंनी सगळं सांगितलं. रकाना, पाचशे, पाच हजार, काही लपवलं नाही. मग पाकीट पुढे केलं. रफूबाईंनी सुई थांबवली, पण पाकिटाला हात लावला नाही.

"ताई, हे नका देऊ."

"अहो, चूक माझी आहे."

"असेल. पण तुम्ही फोन केलात तेव्हा माझी जाऊ समोर होती. वीस वर्षं ती मला ऐकवते, तुझ्याकडे काय आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, तुमच्यासारख्यांवर भार आहे. फोनमधून तिलाही ऐकू गेलं." त्या किंचित हसल्या. "मला वाटलं, एवढं म्हणताहेत तर एकदा तशी होऊन बघावी. आता परत घेतले तर मी कोण?"

ताईंनी पाकीट पर्समध्ये परत ठेवलं.

"आजोबांचं तेवढं बघा," रफूबाई म्हणाल्या. "सात महिने फार आहेत त्यांच्या तब्येतीला. मला त्याचंच वाईट वाटतं. पैशांचं नाही."

ही गोष्ट ताईंना पैशांपेक्षा जास्त लागली. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग त्यांच्या मनात आलं की रफू काही लाँड्रीतच करायला हवं असं नाही. सुई आहे, धागा कापडातच आहे, आजोबांपाशी बसूनही होईल. त्या मालकाकडे गेल्या.

"कपडा दुकानाबाहेर जात नाही," मालक म्हणाला. "एखादा कोट गहाळ झाला तर तुमची शाखा भरणार का?"

"शाखा नाही, मी भरीन. लिहून देते. गुरुवारी दुपारी मी स्वतः गाठोडं नेईन, संध्याकाळी मीच मोजून आणून देईन."

"तुम्ही? या वयात?"

"या वयातच सुचलं."

मालकानं कागद लिहून घेतला, खाली सहीसुद्धा दोनदा घेतली. रफूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हणून करत असाल तर नको. आजोबांसाठी चालेल." शाखेतला नियमही ताईंनी बदलला: पहिल्या तारखेलाच सगळ्यांना बसचा पास. रफूबाईंनी तो घेतला, आभार मानले नाहीत, आणि ताईंनाही ते नको होते. भिंतीवरच्या यादीला मात्र हात लावता येईना. बैठकीत ताई आता तिच्याकडे पाठ करून बसतात.

पहिल्या गुरुवारी जिना चढताना गाठोड्यानं ताईंचा खांदा दुखून आला. आजोबांनी रफूबाईंना पाहिलं आणि डावा हात गादीवर नुसता आपटला. रफूबाईंनी खुर्ची आपणहून दोन सूत सरकवली, मांडीवर एक पँट पसरली आणि धागा उपसायला घेतला.

ताई दाराशीच उभ्या होत्या. आज सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

"आजोबा, ते पैसे मी मागितले होते. यांच्याकडून."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. रफूबाईंची सुई चालूच होती.

"कळलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी बसचं विचारलंत तेव्हाच."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होतो."

एवढं बोलून त्यांनी तोंड रफूबाईंकडे वळवलं आणि सुनेनं आणलेल्या नव्या औषधाची तक्रार सांगायला लागले. ताई बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. गाठोडं परत न्यायला अजून दोन तास होते.