पहिल्या वर्षीचे कोंब

मे महिन्याच्या सुरुवातीला लंडनमधल्या ईलिंगच्या ओढ्याकाठच्या झाडीत शिरलं की लसणाचा वास अंगावर येतो. रानात कुणी फोडणी टाकली की काय, असा क्षणभर भास होतो! पोटरीएवढा रानलसूण माजलेला असतो. न पेरलेला, न राखलेला, कुणाच्याही मालकीचा नसलेला. मी वाकून पानं खुडतो, एखादं तिथंच चावतो आणि पाय आपोआप पुढच्या वळणाकडे निघतात.

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. भुलीचा डॉक्टर म्हणून या देशात आलो आणि हॉस्पिटलं बदलत राहिलो. आधी बर्मिंगहॅम, मग मेडनहेड, आता लंडनचं हे पश्चिम टोक. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं गाडीत. माझी बायको सुजाता प्रत्येक घराच्या खिडकीत कोथिंबीर लावायची आणि निघताना कुंडी शेजारणीला देऊन यायची. गेल्या हिवाळ्यात तिला अलॉटमेंट मिळाली, म्हणजे कौन्सिलनं कसायला दिलेला जमिनीचा चिमुकला तुकडा. मार्चमध्ये तिनं तिथं अ‍ॅस्परॅगस लावला, आपल्या शतावरीचा विलायती भाऊ. आणि एप्रिल सरताना मला स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

शनिवारी रानलसूण घेऊन परतताना तिच्या वाफ्यात डोकावलो. मातीतून जांभळट, बोटाएवढे कोंब वर आले होते. कोवळं दिसलं की खुडायचं, हा माझा धर्म! सगळे खुडले आणि शिकार आणल्याच्या ऐटीत तिच्यासमोर ठेवले.

सुजाता म्हणाली, "अरे, फर्स्ट इयरला कट करायचे नसतात ते! दोन वर्षं नुसतं वाढू द्यायचं. तिसऱ्या स्प्रिंगला खायचे."

"मग लावलेस कशाला? आपण तोवर इथे असू का?"

"म्हणूनच लावले," ती म्हणाली आणि ते कोंब ओट्यावर तसेच पडून राहिले.

तेव्हापासून माझ्या मनात एक अनामिक स्त्री ठाण मांडून बसली आहे. माणूस शिकार आणि कंदमुळं सोडून हळूहळू शेतीकडे वळला, असं आपण शाळेत शिकलो. मला त्या 'हळूहळू'मध्ये घराघरातलं भांडण ऐकू येतं. हरणं पुढे सरकली आहेत, टोळीची आवराआवर झाली आहे, आणि ही बाई मूठभर बी पुरलेल्या जागेवरून उठायला तयार नाही. पोटात भूक असताना हातातलं धान्य न खाता मातीत घालायला केवढी छाती लागली असेल! पण तिच्या शिकाऱ्याचं काय? क्षितिजाकडे पाठ करून तण, पाऊस आणि पाखरं यांची काळजी वाहत बसायचं? शेतीनं माणसाला भाकर दिली खरी, पण त्याच्या पायांखालची वाट काढून घेतली. त्या शिकाऱ्याचा संताप मला समजतो, कारण तो माझ्याही अंगात आहे.

रविवारी वाफ्यात तण काढता काढता सुजाता म्हणाली, "तू जा. आय मीन इट, रागावले नाहीये मी. वीकेंडला येत जा. पण मी आता मूव्ह होणार नाही."

मी हादरलो. त्या काळी भटकणारे सगळे मिळून भटकत होते, मागे कुणी उरत नव्हतं. एकानं जायचं आणि एकानं वाट पाहायची, ही रीत माणूस जमिनीला चिकटल्यावरच रुजली असावी. आणि तिच्याशिवायच्या कुठल्याही मुक्कामाची मला कल्पनाच करता येईना. मला भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी.

सोमवारी फोन करून मी नोकरी नाकारली. काही जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही; पाय शिवशिवत राहिले, अजून शिवशिवतात. सुजाताला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"नक्की राहशील ना?"

मी हो म्हणालो. ते खरं ठरेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. पण बी रुजेल की नाही, हे त्या पहिल्या पेरणारीला तरी कुठं ठाऊक होतं!