बोहनीच्या आधी नाही

येसूबाई घिवलीची. बोईसरच्या मासळीबाजारात तिची पाटी आणि तिचं तोंड, दोन्ही प्रसिद्ध. भाव करणाऱ्याला ती आधी हसवते आणि घेतल्याशिवाय हलू देत नाही. अशी बाई त्या आठवड्यात मात्र गप्प गप्प होती. वसुलीवाला दिग्विजय तिच्या मागे लागला होता.

नवरा नवशा हयात असताना त्यांनी बोटीच्या इंजिनासाठी कर्ज काढलं होतं. हप्ते थकले तशी कर्ज देणाऱ्या कंपनीने इंजिन उचलून नेलं आणि येसूबाईच्या लेखी विषय मिटला. पुढे नवशा गेला, कंपनीही बंद पडली. आता इतक्या वर्षांनी कुण्या भलत्याच कंपनीने ते जुने कागद विकत घेऊन हा पोरगा पाठवला होता.

"मावशी, फक्त शंभर रुपये भरा आणि इथे सही करा. नाहीतर रविवारी हिमानीच्या हळदीला मांडवात येऊन उभा राहतो. सगळ्यांसमोर तिच्या बापाचं नाव घेतो."

हिमानी तिची एकुलती एक लेक. व्याह्यांसमोर मेलेल्या नवऱ्याला कुणी कर्जबुडवा म्हणावं, याचीच येसूबाईला धास्ती. शंभर रुपये देऊन टाकायचं तिने ठरवलंही होतं. पण तिचं नेहमीचं गिऱ्हाईक वैभवी, पालघरच्या कोर्टातली वकील, पापलेट निवडता निवडता हे ऐकून ओरडलीच, "एक रुपया देऊ नका, सही तर मुळीच नको! कोर्टात जायची त्यांची मुदत कधीच उलटली. सही केलीत की मेलेलं कर्ज उठून बसेल."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडतो न उघडतो तोच दिग्विजय हजर. येसूबाईने पदर खोचला.

"बोहनी नाय झाली आजून. बोहनीच्या आदी पैसा हातातून सोडत नाय आमी."

"मग कधी होणार?"

"तूच घे की एक वाटा कोलंबी."

दिग्विजयने गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. तो लातूरकडचा माळकरी, नाकाला रुमाल लावून उभा. त्याच्या हातातली फाईल बघून गिऱ्हाइकं लांबूनच वळत होती. ऊन चढलं तरी बोहनी होईना. शेवटी त्याने फाईल पिशवीत कोंबली आणि हाक घातली, "या ताई, बोंबील घ्या! ताजे बोंबील!"

"बोंबील नाय रे बाबा, मांदेली हायेत ती!" येसूबाई म्हणाली आणि आठवड्यात पहिल्यांदा खळखळून हसली.

पण पोराचा आवाज भजनात कमावलेला. शिफ्ट सुटलेले कामगार थांबले, बायका थांबल्या. पहिली नोट येसूबाईने कपाळाला लावली, आणि बघता बघता पाटी रिकामी झाली.

"आता द्या शंभर," तो घाम पुसत म्हणाला.

"देते ना. पन ही तुजी मजुरी. सही तू कर." त्याच्याच कागदाच्या पाठीवर तिने त्याच्याकडून शंभर रुपये मजुरी मिळाल्याचं लिहून घेतलं. "आन सांग तुज्या सायबाला, इंजिन नेलं तवाच हिशेब मिटला."

दिग्विजय रिकाम्या पाटीशेजारी बसला. वसुली झाली नाही तर खोलीचं भाडं कुठून भरू, एवढंच पुटपुटला. येसूबाईचा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला.

"रविवारी हळदीला ये. फाईल घरी ठेव. तुज्यासाटी वालाची भाजी येगळ्या टोपात करते."

बोलल्याप्रमाणे रविवारी तो मांडवात येऊन उभा राहिला. बायकांनी त्याला ओळखू येणार नाही इतकी हळद फासली. व्याह्यांनी विचारलं, हा कोण?

"हिमानीच्या बापाचं नाव इचारत आलता," येसूबाई म्हणाली. "आता घरचाच हाय."