उजवा हात मांडीवर

अमरावतीच्या सुगत वानखडेचा स्वतःचा पहिला अल्बम जवळजवळ पुरा झाला होता. शेवटचा तुकडा वाजवून तो पाणी प्यायला उठला, तेवढ्यात रेकॉर्डिंग करणाऱ्या नितेशनं काचेपलीकडून विचारलं, "सुगतभाऊ, गायक कवा येऊन राहिला?"

"कोणता गायक?"

"गाणारा. दुसरा कोणता?"

"यात गायक नाई. नुसता कीबोर्ड हाय."

नितेशनं हेडफोन एका कानावरून सरकवला. "मंग मधात मधात ह्या खाली जागा काहून सोडल्या?"

सुगतनं पुन्हा ऐकलं. ड्रम होते, बेस होता, खाली डाव्या हाताचे स्वर होते. त्याला कुठंच काही रिकामं वाटलं नाही. नितेशचाच कान दमला असेल असं म्हणून तो घरी आला.

सुगत पंचेचाळिशीचा. अमरावती आणि अकोल्याच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांवर कीबोर्ड वाजवणं हा त्याचा धंदा. भीमगीतं, देवीची गाणी, प्रचाराची गाणी, एकदा शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या रोपवाटिकेची जाहिरातसुद्धा. नाव गायकाचं यायचं, फोटो गायकाचा यायचा. सुगतला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण एकदा तरी आपलं वाजवणं आपल्या नावानं लोकांनी ऐकावं, एवढं मात्र त्याच्या मनात होतं.

कोणतं संगीत वाजवायचं हे तरुणपणीच ठरलं होतं. त्याच्या पहिल्या जुन्या कीबोर्डाला डेमोचं एक बटण होतं. ते दाबलं की आपोआप एक चाल वाजायची. खाली बेस उड्या मारत चाललेला, वर तुटक तुटक स्वर, आणि मधेच एखादा असा लांबवलेला की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. याला जॅझ-फंक म्हणतात, हे त्याला कितीतरी वर्षांनी मोबाइलवर कळलं. अल्बम त्याच जातीचा होता. तुकड्यांची नावं मात्र इथलीच होती, 'वलगाव रोड', 'बडनेऱ्याची सायडिंग'.

जाहिरातीसाठी नितेशनं रेकॉर्डिंगचा व्हिडिओ काढला होता. तो सुगतनं बायकोला, रश्मीला, दाखवला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलांचे हात कुठं आहेत हे बघायची तिला सवय.

"अहो, तुमचा उजवा हात सारखा मांडीवर काहून जाते?"

"कुठं जाते?"

"हे पाहा. गेला. हा पाहा, पुन्हा गेला."

सुगतनं पाहिलं. हात खरंच मांडीवर होता. गुमान, पंगतीत वाढायची वाट बघत बसल्यासारखा.

ही शिकवण अकोल्याचे गायक देवमनदादा यांची. सुगत त्यांच्यासोबत पहिल्यांदा वलगावच्या कार्यक्रमात बसला, तेव्हा त्यांच्या आवाजावर हौसेनं वाजवत सुटला होता. दोन ओळींच्या मधे माइकवर हात ठेवून ते म्हणाले होते, "गाणाऱ्याच्या तोंडात घास नाई कोंबायचा. मी तोंड उघडलं का तुया उजवा हात खाली." बावीस वर्षं तो हात खाली जात होता. आता गाणारा नसतानाही गेला होता.

दुसऱ्या दिवशी सुगतनं त्या रिकाम्या जागा उजव्या हातानं भरल्या. चांगल्या भरल्या. नितेश म्हणाला, "एक नंबर!" सुगतनं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. कोणीतरी डेमोचं बटण दाबल्यासारखं ते वाजत होतं. सफाई होती, पण वाजवणारा तो वाटत नव्हता. भरलं तर परक्याचं, आणि सोडलं तर देवमनदादांचं. मग आपलं यात कोणतं?

त्यानं भरलेलं पुसायला सांगितलं आणि न भरलेला तुकडा मोबाइलवर घेऊन अकोल्याची बस धरली.

देवमनदादा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली. रिकामी जागा आली तशी त्यांची छाती फुगली, तोंड उघडलं, मग बंद झालं. पुढच्या जागेवर पुन्हा तसंच. जागा बरोबर त्यांच्या श्वासाच्या मापाची होती.

"बोल कोनाचे हायत?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"बोल नाईत, दादा."

"मंग मी काय गाऊ?"

"तुमी गायचं नाई यात."

दादा बाजेवर सरसावून बसले. "अबे, मले बलावलं नाई, अन् माई जागा मातर धरून ठेवली? एसटीत रुमाल टाकला का लेका?"

सुगतला हसू आलं नाही. "दादा, भरू का तशीच ठेवू? मले काईच समजून नाई राहिलं."

"लाव पुन्हा."

या वेळी त्यांनी आपलाच तळवा तोंडावर दाबून धरला. तुकडा संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाले, "डाव्या हातानं तू असं वाजवतं, हे मले मालूम नव्हतं."

"बावीस वर्षं वाजवून राहिलो ना, दादा. तुमच्याच मागं."

"तवा मी गात होतो ना बे," दादा म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

परतीच्या बसमध्ये सुगत तेच घोळवत होता. ही तारीफ होती की टोमणा? भरायचं की ठेवायचं, त्याचं उत्तर तर त्यांनी दिलंच नव्हतं. की दिलं होतं? बडनेरा आलं तरी त्याला उमगलं नाही.

स्टुडिओत नितेश वाट बघत होता. "बोला भाऊ, काय करायचं?"

"खाली जागा हायत ना, तिथं डावा हात जरा वर घे."

नितेशनं आवाज वर घेतला. "अन् उजवा?"

सुगतनं खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर होता.

"त्याले राहू दे तिथंच."

"लोकाइले वाटीन, गायक आलाच नाई."

"वाटू दे," सुगत म्हणाला. आपण ठरवलं म्हणून म्हणालो की थकलो म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "पहिल्यापासून लाव एकदा."