नसलेल्या आडाची प्रदक्षिणा

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतकं अलिबाग पाहिलेला माणूस अख्ख्या अलिबागेत दुसरा नाही. अडचण एवढीच, की त्यातलं निम्मं अलिबाग आता जागेवर नाही आणि मामांना ते मान्य नाही. पत्ता विचाराल तर सांगणार, "चिंचेपासून आत वळा, टॉकीज लागली की डावीकडे." चिंच पडून, टॉकीज मोडून जमाना झाला. मुंबईच्या एका कुटुंबानं त्यांना धक्क्याचा रस्ता विचारला आणि ते थेट नागावला पोचलं. परतायची वाट सापडेना, तेव्हा तिथंच राहिलं. आता त्यांचा स्वतःचा होमस्टे आहे.

पण मामांचा खरा जीव नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत. सोनेरी कागदात मढवलेला नारळ समुद्राकडे निघाला, की बाजारातल्या आडाला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जायचा, ही जुनी रीत. आड बुजला, वर डांबर पडलं, तरी मामा भर रस्त्यात त्या जागी खांबासारखे उभे राहात आणि अख्खी मिरवणूक, बँडसकट, त्यांच्याभोवती फिरे. एकदा तर मागून आलेली एसटीही फिरली आणि कंडक्टरनं खाली उतरून मामांनाच नमस्कार केला.

यंदा मामांचे गुडघे संपावर गेले. त्यात मंडळाच्या पोरांनी ठरवलं, ट्रकवर स्पीकर आहेत, सरळच जाऊ. मामांनी अन्न सोडलं. म्हणजे भात सोडला, तांदळाची घावनं चालू होती. मला म्हणाले, "जावईबापू, मी गेलो तर चालेल हो. पण पोरं सरळ गेली, तर तिथं आड होता हे सांगायला कोण उरेल?" मीही एक घावन घेतलं.

संध्याकाळी त्यांना खुर्चीसकट बाजारावरच्या गॅलरीत बसवलं. मिरवणूक आली. ट्रक सरळ निघून गेला आणि मामांनी डोळे मिटले. मागे बँडवाले होते. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या रिकाम्या जागेशी येताच ते सवयीनं वळले. मागोमाग नारळ वळला, बायका वळल्या, आणि पुढे गेलेली पोरंही ट्रक उभा करून, ओशाळत परत येऊन फेरीत घुसली.

"मामा, बघा तरी," मी म्हटलं.

मामा बघत राहिले. मग उपरण्यानं डोळे पुसत कुरकुरले, "चुकलेच. आड जरा अलीकडे होता."

मिरवणूक समुद्राकडे गेली, रस्त्यावर पुन्हा रिक्षा धावू लागल्या. मामा मात्र कठड्यावरून वाकून खाली पाहात होते, पाणी कुठवर आलंय ते बघावं तसे.