वहिनीचा व्हिडिओ

मी पेणला मास्तर. घरी नळ धो धो, आणि फोनवर मात्र गावाच्या पाण्यासाठी माझा जीव तीळतीळ तुटतो.

आमचं गाव गागोद्याच्या अंगाला, डोंगरात. पावसाळ्यात कोसळतं नुसतं, पण मार्चनंतर ओढ्यात खड्डा खणायचा आणि त्या डवऱ्यात झिरपेल ते वाटीनं भरायचं. हे आम्ही बाहेर बोलत नसू. कोरड्या गावात मुलगी कोण देणार? पाहुणे घर बघायला येणार म्हटलं की शेजारणी आपलं पाणी आणून त्या घरचे हंडे भरत. गावजत्रेसारखी सगळ्यांनी मिळून केलेली फसवणूक! माझंही लग्न तसंच झालं.

चुलत वहिनीच्या एकुलत्या मुलाचं रोह्याकडे जमत आलं होतं. त्याची तिशी उलटलेली, आधी तीन नकार. मुलीकडचे आले, भरलेले हंडे बघून खूश होऊन गेले. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. पुढच्या रविवारी मी गावी गेलो, तर वहिनी कमरेएवढ्या डवऱ्यात उतरून गढूळ पाणी भरत होती. मी फोन काढला.

"भावजी, नका ना काढू. सुपारी होऊ दे आधी," ती म्हणाली.

"अगो वहिनी, तोंड नाय दिसत तुझं," मी म्हटलं.

तोंड दिसलं. व्हिडिओ फेसबुकवर टाकताना गावाचं नाव मीच घातलं, वर 'माझी वहिनी' असंही लिहिलं. लाइक कमी पडायला नकोत ना! संध्याकाळी एका चॅनेलवाल्याने तो उचलला आणि मागे रडकं संगीत लावलं. खाली लोकांची भांडणं: कोकणात कसला दुष्काळ, नाटकं सगळी! दुसऱ्या दिवशी शाळेत चहा पिता पिता मी एकेकाला उत्तर देत होतो. खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या बापाने तोच व्हिडिओ मला पाठवला. खाली एकच ओळ होती: मास्तर, त्या हंड्यांत पाणी कुणाचं होतं?

सोयरीक मोडली. टँकर मात्र सुरू झाला. गावाने शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला आणि मी मेल्याने तो घेतलाही.

परवा गेलो तेव्हा वहिनीने तांब्या पुढे केला. "घ्या भावजी, तुमच्या फोनचं पाणी हाय."

मी प्यायलो.

"टँकर रोज येतो," ती म्हणाली. "पन आता हंडा नाय उचलवत मला. नि उचलनारी तुम्ही येऊ दिली नाय."