जूचंद्रचा निराकार देव

हसणारच असाल, तर आधी कपातला चहा संपवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांच्या तो नाकातून आला होता!

आमची केतकी फर्निचर डिझाइन करते. म्हणजे बँकेत चिकटायचं सोडून चांगल्या खुर्च्या वाकड्या करते, असं मी म्हणायचो. तर तिला पहिलं अख्खं घर मिळालं जूचंद्रला. जुन्या शेतकरी कुटुंबाचा नवाकोरा बंगला. वास्तुशांतीला निघताना मला तंबी, "बाबा, आजच्या पाहुण्यांतूनच पुढची कामं मिळतील. नाही मिळाली तर वर्कशॉपला कुलूप. तिथे कृपा करून तोंड उघडू नका."

नाही उघडायचं! ठरलं!

पूजा वरच्या मजल्यावर होती. केतकी तिकडे पळाली आणि मी नारळ घेऊन खाली हॉलमध्ये. काय एकेक वस्तू! सोफा होडीसारखा, टेबलाला एकच पाय. पण भिंतीला टेकून जे होतं ना, ते बघून हात आपोआप जोडले गेले. पिवळंधमक लाकूड, उंच कमान, कमानीला पितळी पट्टी, खाली ऐसपैस बैठक, दोन्ही बाजूंना कठडे.

देव्हारा! दुसरं काय असणार? नारळ ठेवला, चाफा वाहिला, डोकं टेकलं.

आता मोठा माणूस डोकं टेकतोय म्हटल्यावर मागचे गप्प बसतील? रांगच लागली! हळदकुंकू वाहिलं गेलं, उदबत्ती आली. एका बाईंनी विचारलं, "काका, पण यात मूर्ती कुठाय?"

आणि तोंड उघडलं की हो मी! "अहो, निराकार! हल्लीच्या घरांत मूर्ती ठेवत नाहीत."

"अय्या, किती छान!"

तेवढ्यात घरातल्या आजींची वसईला राहणारी धाकटी सून आरतीचं ताट घेऊन खाली आली. एवढी गर्दी बघून तिनंही ओवाळायला घेतलं. टाळ्या सुरू! आणि मागून काठी टेकत खुद्द आजी आल्या.

"माज्या खुर्चीवर नारल कोनी ठेवला?"

टाळ्या बंद. जिन्यात केतकी उभी, चेहरा पांढराफटक. लेकीचा धंदा पहिल्याच घरात बापानं बुडवला! खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

आजींनी नारळ माझ्या हातात दिला, खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "थांबलीस कशाला? ओवाल! इतक्या वर्सांत आज पयल्यांदा सासूची आठवन झाली."

जो हशा पिकला! मग आजींनी कठड्यांवर हात टेकले आणि कुणाचा हात न धरता झटकन उठून दाखवलं. "माजं गुडघं बघून बनवली पोरीनं!"

झालं, बायांनी केतकीला गराडाच घातला. कुणाला आईसाठी हवी, कुणाला सासऱ्यांसाठी. त्या निराकारवाल्या बाईंनी तर "आम्हालाही अगदी असंच हवं" म्हणत काम पक्कंच केलं. पोरीचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! बँक गेली खड्ड्यात!

परवा त्याच बाईंकडे नायगावला पूजा होती. म्हटलं, या खेपेला चुकायचं नाही. हॉलमध्ये तीच कमान, तेच कठडे, आमच्या केतकीचंच काम. सगळ्यांच्या देखत ऐटीत जाऊन बसलो, दोन्ही कठड्यांवर हात टाकून.

गुरुजी ताम्हनात देव घेऊन समोर आले आणि अदबीनं म्हणाले, "काका, जरा उठता का? स्थापना यांची आहे."