काहूनआत्या

आमच्या आत्याच्या तोंडी सदा एकच शब्द: काहून? बसचा रस्ता बदलला, काहून? पूजेला दोन नारळ, काहून? आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, रांझी भागातल्या शाळेत ती शिकवायची, तिथली पोरंही तिला 'काहून मॅडम' म्हणत. कारखान्यातून निवृत्त झालेले आतोबा मोजकंच बोलत. म्हणायचे, "देवानं उत्तर दिलं तर ही त्याची उलटतपासणी घेईल."

तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळी आहे, पण परदेशी कंपनीची, आपल्या आवाक्यातली नाही.

"आपल्याकडे बनवता येत नाही?"

"येते. पण पेटंट त्यांचं आहे."

"पेटंट त्यांचं अन् रक्त माझं. मंग मी काहून मरू?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

जुन्या पेटंटची मुदत संपत आली होती, म्हणून कंपनीनं गोळीत किरकोळ बदल करून नवं मागितलं होतं. रुग्णांच्या एका संघटनेनं त्यावर आक्षेप घेतला. आत्यानं त्यात स्वतःचं नाव घातलं. पुढे पेपरात आलं, की तिकडचं सरकार आपल्यावर नाराज आहे. "पाहा, माझ्यापायी दोन देश भांडून राहिले," म्हणून ती हसली. तशी ती शूर नव्हती. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, की नळ मोठा सोडून रडायची.

एक दिवस कंपनीचा माणूस मिठाई घेऊन घरी आला. "दीदी, बस अपना नाम हटा लीजिए. दवा ज़िंदगीभर मुफ़्त."

आतोबांनी जन्मात पहिल्यांदा तिच्यापुढे हात जोडले. "घे ना व! बाकीचे लढतीलच."

"त्यांच्याकडेही मिठाई गेली असंल तर?"

तिनं डबा परत केला. आतोबा कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, तेव्हा तिला ऐकण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

थंडी सरता सरता ती गेली. उन्हाळ्यात निकाल लागला: नवं पेटंट नाकारलं. आता ती गोळी इथेच बनते, शहरातल्या राइट टाउनच्या दुकानात सहज मिळते.

गेल्या दिवाळीत पलीकडच्या गल्लीतला एक जण आतोबांच्या पाया पडायला आला. त्यालाही तोच आजार, त्याच गोळीवर तगलेला. "काकाजी, दीदी की वजह से ज़िंदा हूँ."

आतोबांनी त्याच्या भरलेल्या गालांकडे पाहिलं.

"हो, दिसून राहिलं," ते म्हणाले, आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.